खारपाणपट्ट्यातलं एक घर, 2250 टीडीएस आणि चार लिटरचा डिस्टिलर

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. बोअर मारला की पाणी लागतं, पण ते पिववत नाही. चहा काळपट होतो, माठाला पांढरे डाग पडतात, नवीन सुनेला पहिले दोन महिने त्या पाण्याने तहान भागल्यासारखी वाटत नाही. या पट्ट्यातल्या एका घराचं प्रकरण इथे पूर्ण मांडलं आहे. घर नमुन्यादाखल घेतलं आहे. पाण्याचे आकडे या भागात आढळणाऱ्या सोडियम-बायकार्बोनेट जातीच्या पाण्याचे आहेत आणि विजेचे हिशेब कुणालाही कागदावर पडताळता येतील असे आहेत.

घरात पाच माणसं: आजी, मुलगा, सून, दोन शाळकरी मुलं. वापरायला बोअर. नळाला गोडं पाणी येतं, पण आठवड्यातून एकदा, तेही तासभर. ते रांजणात आणि दोन टाक्यांत साठवून पुरवायचं. ते संपलं की बोअरचं पाणी उकळून प्यायचं. आजींना रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, सुनेने भाजीतलं मीठ निम्म्यावर आणलं, लोणचं-पापड बंद केले, तरी रक्तदाब उतरेना. तेव्हा पाण्याकडे लक्ष गेलं.

पाण्यात काय होतं

टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये. मीटर तो 2250 दाखवत होता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, वर्ष 2012) टीडीएस 500 पर्यंत असावा असं म्हटलं आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायला मुभा आहे. म्हणजे हे पाणी शेवटच्या मर्यादेच्याही वर. प्रयोगशाळेच्या अहवालात लिटरमागे क्लोराइड 620 मिलिग्रॅम, बायकार्बोनेट 730, सल्फेट 190, नायट्रेट 40 आणि एकूण कठीणपणा 200 आला. सोडियम वेगळं मागून तपासून घेतलं, ते 700 निघालं. हे वेगळं मागावं लागतं, कारण नेहमीच्या अहवालात सोडियमचा रकाना बहुधा नसतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना देतानाच अर्जात 'सोडियम' असं लिहा.

आता आजींचा हिशेब. दिवसाला अडीच लिटर पाणी पिणं म्हणजे 700 गुणिले 2.5, म्हणजे 1750 मिलिग्रॅम सोडियम. मिठाच्या भाषेत सांगायचं तर साडेचार ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ चहाचा एक चमचा मीठ, आणि ते फक्त पाण्यातून. प्रौढ माणसाने दिवसभरात सगळं मिळून 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुनेने भाजीत केलेली काटकसर तांब्याभर पाण्याने धुऊन निघत होती. या पट्ट्यातल्या प्रत्येक रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरी हा एक गुणाकार व्हायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

'आम्ही उकळून पितो' हे खूप घरांतून ऐकू येतं. उकळण्याने जंतू मरतात, क्षार कुठेही जात नाहीत. उलट 5 लिटर पाणी आटून 4 लिटर झालं, तर 2250 चा टीडीएस 2800 च्या घरात जातो. खाली थोडा पांढरा साका बसतो तो कॅल्शियमचा. सोडियम आणि नायट्रेट जसंच्या तसं पाण्यात राहतं, फक्त दाट होऊन.

डिस्टिलर करतो काय

भातावरचं झाकण उचललं की आतल्या बाजूने जे थेंब ओघळतात, ते डिस्टिल्ड पाणी. ट्रॅक्टरवाले आणि इन्व्हर्टरवाले त्याला 'बॅटरीचं पाणी' म्हणतात. (दुकानातलं बॅटरीचं पाणी मात्र प्यायचं नाही. ते पिण्यासाठी बनवलेलं, भरलेलं किंवा तपासलेलं नसतं.) पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. ती वाफ दुसरीकडे नेऊन थंड केली की पाणी मिळतं आणि क्षार तळाशी उरतात. सोडियम, क्लोराइड, नायट्रेट आणि फ्लोराइडही मागे राहतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावांनाही हीच पद्धत लागू पडते.

घरगुती यंत्राचे भाग थोडेच असतात. स्टीलचं उकळण्याचं भांडं. त्याच्या तळाखाली किंवा आत हीटर. वर डोकं, त्यात गुंडाळलेली नळी आणि नळीवर वारा मारणारा पंखा. नळीच्या तोंडाशी कोळशाची छोटी पुडी आणि खाली काचेचा जग. तळाला तापमान ओळखणारा कटआऊट असतो. भांड्यात पाणी आहे तोवर तळ 100 अंशांच्या आसपास राहतो. पाणी संपलं की तळ एकदम तापतो आणि कटआऊट वीज तोडतो. डोक्यावर सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. अमोनियासारखे आणि काही फवारणीच्या औषधांतले द्रावक असे लवकर उडणारे पदार्थ तिथून बाहेर जातात. ते छिद्र मेणाने किंवा चिकटपट्टीने कधीही बुजवू नका. ते बुजलं तर दाब वाढतो आणि नको ते वायू खालच्या जगमधल्या पाण्यात उतरतात. कपाशीच्या पट्ट्यात, विहिरीजवळच फवारणीचे पंप धुतले जातात अशा ठिकाणी पहिलं अर्धा पेला पाणी मोरीत टाकणं आणि कोळशाची पुडी दर दोन महिन्यांनी बदलणं ही सवय लावून घ्यावी. सगळी कीटकनाशकं डिस्टिलरने जातातच असं मात्र धरून चालू नका. काही वाफेसोबत येतात.

विजेचा हिशेब आधी, यंत्र नंतर

एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला आणायला सुमारे 314 किलोज्यूल लागतात. त्याची वाफ करायला आणखी 2257. दोन्ही मिळून 0.71 युनिट वीज, आणि हे काहीच वाया न जाता. यात कुठल्याही कंपनीला सूट मिळत नाही. कुणी 'अर्ध्या युनिटात लिटर' म्हणत असेल, तर पंख्याने थंड होणाऱ्या साध्या यंत्राबद्दल ते खरं असू शकत नाही.

या घरासाठी 750 वॉटचं, 4 लिटरचं यंत्र विचारात होतं. 4 लिटर भरून साडेतीन लिटर काढायचं आणि अर्धा लिटर क्षारांसकट सोडून द्यायचं. भांड्याच्या बाजूंनी जाणारी उष्णता धरून याला 3 युनिट लागतात आणि 230 व्होल्टला साधारण 4 तास.

पण गावात 230 व्होल्ट असतात कुठे? घरात मल्टिमीटर लावून तीन वेळा पाहिलं. संध्याकाळी सातला 180, रात्री दोनला 215, सकाळी सहाला 205. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 180 व्होल्टला 750 चा हीटर 460 वॉटच देतो. त्यातून बाहेर जाणारी उष्णता साधारण तेवढीच राहते, म्हणून वाफेच्या वाट्याला आणखी कमी उरतं. परिणाम असा की 4 तासांचं काम 7 तासांवर जातं आणि वीजही 3 ऐवजी 3.3 युनिट लागते. 'यंत्र खराब निघालं' या तक्रारींत बऱ्याचदा यंत्राचा दोषच नसतो, डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) भार तो दोष दाखवत असतो. म्हणून खरेदीच्या आधी एक आठवडा घरातलं व्होल्टेज वहीत लिहून ठेवा. या घराने रात्री अकराला यंत्र लावायचं ठरवलं. शेतीचे पंप बंद असतात तेव्हा साधारण साडेचार-पाच तासांत घाणा (एका वेळचं भांडं) निघतो.

महिन्याला 90 ते 100 युनिट वाढतात. घरगुती बिलात 100 युनिटपर्यंत एक दर आणि 101 ते 300 ला त्याहून चढा दर असतो. घराचा आधीचा वापर 80 युनिट होता, म्हणजे डिस्टिलरची बहुतेक वीज वरच्या दरात मोजली जाणार. समजा सगळं धरून युनिट 10 रुपये पडलं, तर लिटरमागे साडेआठ रुपये. तुमच्या बिलावरचा खरा दर घेऊन हाच गुणाकार करा.

घरच्या इन्व्हर्टरवर हे चालत नाही. 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत पूर्ण भरलेली असताना 1.8 युनिट असतात. त्यातून अर्धा घाणाही निघत नाही आणि बॅटरीचं आयुष्य जातं. छतावर 1 किलोवॉटचं सोलर पॅनल असेल तर गोष्ट वेगळी. ते उन्हाच्या दिवशी 4 युनिटच्या आसपास देतं, त्यात एक घाणा बसतो. गॅसवर काढायचं म्हटलं, तर चांगल्या शेगडीवरही एक किलो गॅसमागे दहा लिटरच्या वर हाती लागत नाही.

मग डिस्टिलरच का

पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला 15 ते 20 लिटर लागतात. तेवढं डिस्टिलरवर काढणं हा वेडेपणा ठरेल. त्याला रोज 15 युनिट लागतील. संपूर्ण घरासाठी आरओ (बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार अडवणारं यंत्र) स्वस्त पडतो, वीज नगण्य लागते. पण 2250 टीडीएसला घरगुती आरओ आपल्या मर्यादेच्या टोकावर चालतो. बहुतेक घरगुती यंत्रं 2000 पर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेली असतात. पडदा लवकर बाद होतो. एक लिटर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर आणखी खारं पाणी बाहेर पडतं. ते परसात सोडलं तर काळ्या मातीत सोडियम साठतं, जमीन पावसात चिकट आणि उन्हात दगडासारखी होते. शिवाय दुरुस्तीचा माणूस तालुक्याहून येणार.

या घराने म्हणून गरज दोन भागांत तोडली. आजींचं पिणं आणि त्यांच्या वेगळ्या वरण-भाजीचं पाणी मिळून रोज साडेतीन लिटर. ते डिस्टिलरचं. बाकीच्यांना नळाचं साठवलेलं पाणी. हा निर्णय आम्हाला बरोबर वाटतो. डिस्टिलर घ्यायचा तो एका माणसाच्या तोंडात जाणाऱ्या पाण्यापुरता: रुग्ण, तान्हं बाळ, किंवा फ्लोराइडच्या गावात वाढत्या वयाची मुलं.

सौर डिस्टिलरचाही विचार झाला होता. काळी पेटी, वर 21 अंशांच्या उताराची काच, खाली पन्हाळ. विदर्भाच्या उन्हात एक चौरस मीटर काचेमागे अडीच ते तीन लिटर मिळतात, म्हणजे दीड चौरस मीटरची पेटी आजींना उन्हाळ्यात पुरली असती, तीही फुकटच्या उन्हावर. नको म्हणण्याची कारणं दोन. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांखाली उत्पादन फार पडतं आणि गावात वानरांचे कळप आहेत. कौलं फोडणाऱ्या वानरांपुढे काच टिकली नसती. ज्या गावात हा त्रास नाही, तिथे सौर पेटी आधी बघा.

घेताना काय पाहिलं

पहिली गोष्ट धातू. या पाण्यात क्लोराइड 620 आहे. 4 लिटरचं अर्धा लिटर उरतं तेव्हा ते आठपट होतं, म्हणजे लिटरला पाच हजार मिलिग्रॅमजवळ. इतक्या खाऱ्या गरम पाण्यात 304 जातीच्या स्टीलला बारीक खड्डे पडतात, विशेषतः वेल्डिंगच्या शिवणीवर. 316 जातीचं भांडं मिळालं तर जास्त पैसे देऊन घ्यावं. नाहीच मिळालं तर शिवण नसलेलं, एकाच पत्र्यातून ओढलेलं भांडं घ्यावं आणि खारा साका रात्रभर ठेवू नये. दुकानदार चुंबक लावून 'चिकटत नाही, म्हणजे 304' म्हणतो; हलक्या 202 स्टीललाही चुंबक चिकटत नाही. अल्युमिनियमचं भांडं तर नकोच. बायकार्बोनेटचं पाणी उकळलं की कार्बोनेट होऊन ते जास्त अल्कधर्मी बनतं आणि अल्युमिनियम खातं. वाफेची नळीही स्टीलची हवी. बाहेरच्या पट्ट्या अल्युमिनियमच्या असल्या तरी चालतात.

दुसरी गोष्ट जग. काचेचा हवा, कारण ताजं पाणी कोमट असतं आणि क्षार नसलेलं पाणी प्लास्टिकचा वास पटकन पकडतं. तिसरी, झाकणाची रबरी कडी सिलिकॉनची आणि सुटी मिळणारी. सुटी मिळते का ते आधीच विचारा. पंखा, कडी, कटआऊट हे तीन भाग मिळत नसतील तर यंत्र कितीही चकचकीत असो, दोन वर्षांत ते अडगळीत जाईल. पाण्याने थंड होणारे प्रयोगशाळेचे डिस्टिलर टाळले, कारण तिथे लिटरमागे कित्येक लिटर पाणी नुसतं थंड करण्यात वाहून जातं.

पुरवठ्यासाठी 16 अँपिअरचा सॉकेट आणि खरी अर्थिंग. 750 वॉटला करंट सव्वातीन अँपिअरच लागतो, पण पाच तास सलग. ढिल्या पिनेचा जुना सॉकेट त्यात वितळतो. हीटर ठीक आहे का हे मल्टिमीटरने बघता येतं: 750 वॉटच्या हीटरचा रोध 70 ओहमच्या आसपास यायला हवा.

पहिल्या महिन्यात बिघडलं ते

पहिले तीन घाणे फेकून दिले, कारखान्याचं तेल आणि रबराचा वास जाईपर्यंत. त्यानंतर पाण्याचा टीडीएस 6 आला. तिसऱ्या आठवड्यात तो 46 झाला आणि आजींना पाणी पुन्हा 'खारवट' लागलं. जिभेने जे ओळखलं ते मीटरने नंतर दाखवलं.

दोष कुठे आहे हे शोधायची सोपी रीत आहे. घाणा चालू असताना पाणी तीन पेल्यांत वेगवेगळं धरायचं: सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. सुरुवातीचाच पेला जास्त असेल तर नळी घाण आहे. तिन्ही सारखेच जास्त असतील तर झाकणाच्या कडीतून किंवा भरताना कच्चं पाणी जगात जातं आहे. इथे पहिला पेला 9, मधला 22 आणि शेवटचा 110 निघाला. याचा अर्थ फेस. बायकार्बोनेटच्या पाण्यातून उकळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाणी दाट होत जातं, साबणासारखा फेस येतो आणि वाफेसोबत खाऱ्या पाण्याचे तुषार नळीत जातात. घरात चुका दोन होत होत्या. भांडं खुणेच्या वर भरलं जात होतं. आणि उरलेलं अर्धा लिटर न ओतता त्यावरच नवीन पाणी घातलं जात होतं, 'पाणी वाया जायला नको' म्हणून. खारपाणपट्ट्यातल्या बाईच्या हातून पाणी ओतवत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण त्या अर्ध्या लिटरात जवळजवळ आठ-नऊ ग्रॅम क्षार असतात.

भरण्याची पातळी खुणेच्या दोन बोटं खाली आणली, उरलेलं पाणी दर घाण्यानंतर गरम असतानाच ओतायला सुरुवात केली, नळी एकदा डिस्टिल्ड पाण्यानेच धुतली. टीडीएस 7 वर आला.

तळाचा थर दर पंधरा दिवसांनी काढायचा. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व घालून अर्धा तास गरम करायचं, उकळायचं नाही. रात्रभर ठेवून सकाळी घासणीच्या मऊ बाजूने पुसायचं. तारेची घासणी लावली की स्टीलवर ओरखडे पडतात आणि खड्डे तिथूनच सुरू होतात. लिंबूसत्वाने न निघणारा कडक थर राहिला तर तो सल्फेटचा. तो खरवडू नका, साफ करण्याची पाळी आठवड्यावर आणा म्हणजे साठणारच नाही.

मे महिन्यात आणखी एक अडचण आली. बाहेर 45 अंश असताना पंख्याची हवाच गरम. वाफ पुरती थंड होईना, छिद्रातून फुसफुस वाढली आणि साडेतीनऐवजी तीन लिटर मिळू लागलं. यंत्र स्वयंपाकघरातून काढून पडवीत ठेवलं, घाणा पहाटे तीनला लावला, पंख्याच्या पात्यांवरची धूळ जुन्या दात घासायच्या ब्रशने काढली. उत्पादन जागेवर आलं आणि रात्री स्वयंपाकघरात होणारी उकाड्याची तगमगही थांबली.

पाणी ठेवणं आणि पिणं

डिस्टिल्ड पाण्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे घाणेरडं बोट बुडलं की जंतू वाढायला मोकळं रान. स्टीलच्या तोटीच्या डब्यात झाकून ठेवायचं आणि दोन दिवसांत संपवायचं. तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नये. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि धातू उतरवून घेतं. मातीच्या स्वच्छ माठात चालतं. टीडीएस थोडा वाढतो, पण चव सुधारते. चव सपक लागली तर एका भांड्यातून दुसऱ्यात चार वेळा ओतायचं. या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नाही, तेव्हा ते जेवणातून यायला हवं: ज्वारीची भाकरी, दूध, तीळ, पालेभाजी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. पाण्यातून जाणारं एवढं सोडियम एकदम कमी झालं की गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागू शकतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाचं पाणी किती आणि कोणतं, हे तर डॉक्टरांनीच ठरवायचं.

पावसाळ्यात यंत्र बंद

जूनमध्ये घराने पत्र्याच्या छपराला पन्हाळ लावली. 40 चौरस मीटर पत्रा आणि 750 मिलिमीटर पाऊस, वाया जाणारं वजा करून 24 हजार लिटर. पिण्या-स्वयंपाकाचे 15 लिटर रोज धरले तर पावसानंतरच्या 240 दिवसांना 3600 लिटर लागतात, म्हणजे 5000 लिटरची एक झाकलेली टाकी पुरते. दर पावसाचं पहिलं 40-50 लिटर पाणी बाजूला सोडायचं, तोंडाला जाळी, टाकीत क्लोरीनचा डोस. पावसाच्या पाण्याचा टीडीएस 20-30 च्या आसपास राहतो आणि त्याला एकही युनिट लागत नाही.

टाकीत पाणी असेपर्यंत आजींनाही तेच. तेव्हा डिस्टिलर धुऊन, कोरडा करून, झाकण उघडं ठेवून पुसलेल्या कपाटात जातो. टाकीची पातळी तळाच्या तोटीशी आली की तो पुन्हा पडवीत येतो. रोजचं अर्धा लिटर खारं पाणी मोरीच्या शोषखड्ड्यात जातं. तुळशीला किंवा परसातल्या वांग्याला घालायचं नाही, असं मुलांनाही बजावून ठेवलं आहे.